गटाराचं म्युझियम

अण्णा, म्हणजे माझे वडील, आमच्याकडे इंग्लंडात लेस्टरला आले तेव्हा आम्हाला इथे राहून पाच वर्षं झाली होती, आणि ह्या पाच वर्षांत तू ह्या गावात काय काय बघितलंस असं कोणी विचारलं असतं तर माझी यादी टेस्को, लेकीची शाळा, बेलग्रेव्ह रोडवरची भाजी आणि स्पेस सेंटर एवढ्यावर संपली असती. पाहुणे आले की आम्ही त्यांना लंडनला नेतो, बिग बेन, लंडन आय, तो उघडणारा पूल, फोटो, परत. अण्णांनाही नेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते थेम्सच्या कठड्याला टेकून म्हणाले, "झालं की रे सगळं. टीव्हीत बघितलेलंच आहे. आता तुझं गाव दाखव."

माझं गाव म्हणजे कुठलं, हे मला क्षणभर कळेचना.

अण्णांबद्दल सांगायला पाहिजे. वय एकाहत्तर. कृष्णाकाठच्या एका नगरपालिकेत पाणीपुरवठ्याला ३४ वर्षं काढली, पंप ऑपरेटर म्हणून लागले आणि सुपरवायझर होऊन रिटायर झाले. त्यामुळे कुठल्याही शहरात गेले की ते वर बघत नाहीत, खाली बघतात. लंडनमध्ये मी त्यांना वेस्टमिन्स्टर दाखवत होतो आणि ते मॅनहोलच्या झाकणावर काय लिहिलंय ते वाचत होते.

तर लेस्टर. सुरुवात स्टेशनपासूनच केली कारण तिथे बाहेरच थॉमस कुकचा पुतळा आहे, शेजारी सूटकेस, आणि मी इतकी वर्षं त्याच्यासमोरून ऑफिसला पळतोय पण हा तोच थॉमस कुक, आपल्याकडे ज्याच्या नावाच्या कंपनीने लोक युरोप टूरला जायचे, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ह्या माणसाने ५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लफबरोला ट्रेनने माणसं नेली, एक शिलिंग माणशी, आणि कशाला तर दारूबंदीच्या सभेला. अण्णा हसले. "म्हणजे दारू सोडा सांगायला पहिली सहल काढली. आणि आता सहलीला लोक कशाला जातात बघ."

मग राजा. लेस्टरचं नाव जगात झालं ते दोन गोष्टींनी, एक २०१६ ला फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकली आणि दुसरी म्हणजे कार पार्कखाली राजा सापडला. तिसरा रिचर्ड, १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत मेला, प्रेत लेस्टरला आणून घाईघाईत एका मठाच्या चर्चमध्ये पुरलं, पुढे आठव्या हेन्रीच्या काळात मठच मोडीत निघाला आणि कबर कुठे गेली कोणाला पत्ता नाही. हाडं नदीत फेकली अशी गोष्ट गावात पिढ्यानपिढ्या चालू, नदीच्या पुलाजवळ तशी पाटीसुद्धा. आणि २०१२ च्या ऑगस्टमध्ये कौन्सिलच्या ऑफिसच्या कार पार्कमध्ये चर खणला तर पहिल्याच दिवशी पायाची हाडं दिसली. पाठीचा कणा वाकडा, डोक्यावर घाव, आणि डीएनए जुळवला तो राजाच्या बहिणीच्या वंशातल्या एका माणसाशी, जो लंडनमध्ये फर्निचर बनवणारा सुतार निघाला. पुढे २०१५ साली राजाला कॅथेड्रलमध्ये पुन्हा पुरलं तेव्हा शवपेटीही त्याच सुताराने बनवली. हे मला फार आवडलं. भाचा म्हणायचा की काय म्हणायचं माहीत नाही, पण पाचशे वर्षांनी घरच्याच माणसाने लाकूड तासलं.

आता तिथे व्हिजिटर सेंटर आहे आणि कबरीच्या जागेवर काच, काचेखाली मातीचा खड्डा, त्यात उजेडाने सांगाडा कसा होता ते दाखवतात. लोक आपोआप हळू बोलायला लागतात. अण्णा वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ह्याचे पाय कुठायत?"

सांगाड्याला पावलं नाहीत हे खरंय. नंतरच्या काळात वर काहीतरी बांधकाम झालं त्यात ती गेली असावीत असं म्हणतात.

"बघ," अण्णा म्हणाले, "कोणीतरी पाया खणला, हाडं लागली, बोलला नसणार. बोललं की काम थांबतं. आमच्याकडे लाइन टाकताना काय काय लागायचं!"

काय लागायचं हे त्यांनी सांगितलं नाही. मी दोनदा विचारलं.

राजाचं तिकीट चांगलंच महाग होतं, पण ह्या गावातली बाकीची बरीचशी म्युझियम्स सिटी कौन्सिलची आहेत आणि त्यातल्या काहींना एक पैसा पडत नाही, हा शोध लागल्यावर अण्णा जे सुटले ते सुटलेच. मी ऑफिसला गेलो की ते बसने एकटे जायचे आणि संध्याकाळी मला रिपोर्ट द्यायचे. गिल्डहॉलला गेले, कॅथेड्रलच्या शेजारी ती काळ्या लाकडाची वाकडीतिकडी इमारत, जवळजवळ १३९० च्या आसपासची, आधी एका धार्मिक मंडळाची, मग तिथूनच १८७६ पर्यंत नगरपालिका चालली आणि मध्ये एका कोपऱ्यात पोलीस चौकी. अण्णांचं म्हणणं सहाशे वर्षांचं लाकूड आहे आणि वाळवी नाही, बाकी त्यांच्या सभागृहासारखंच सभागृह, अध्यक्षांची खुर्ची तेवढी उंच.

शनिवारी मी बरोबर गेलो. ज्यूरी वॉल म्हणजे रोमन लोकांच्या स्नानगृहाची भिंत, दगडाचे थर आणि मध्ये मध्ये लाल विटांच्या ओळी, जवळपास १९०० वर्षं जुनी आणि चांगली दोन मजले उंच. रस्त्याच्या कडेला, शेजारी बसेस जातायत. १९३६ साली तिथला कारखाना पाडून गावासाठी नवीन पोहण्याचा तलाव बांधायचा होता, म्हणून आधी जागा खणून बघितली, कॅथलीन केन्यन नावाच्या बाईंनी, पुढे जेरिकोला उत्खनन केलेल्या त्याच, आणि खाली काय निघालं तर आंघोळीचीच जागा. रोमन हमामखाना. अण्णांनी ह्यावर असा काही चेहरा केला जसा एखादा ज्योतिषी आपलं भाकीत खरं ठरल्यावर करतो. "पाण्याची जागा पाण्यालाच जाते. लेव्हल असते ना रे. तू इंजिनिअर का झालास मग!" (मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. हे त्यांना मान्य नाही.)

तिथून चालत न्यूआर्क हाउसेस. हे म्हणजे आपल्या आजीच्या माळ्यासारखं म्युझियम आहे, काय सापडेल सांगता येत नाही. तिथे डॅनियल लॅम्बर्टचे कपडे आहेत. हा लेस्टरच्या तुरुंगाचा जेलर, जन्म १७७०, वजन मरताना ३३५ किलो. नोकरी गेली, पैसे संपले, तेव्हा हा लंडनला जाऊन स्वतःलाच बघायला ठेवून बसला, माणशी एक शिलिंग (इथे सगळ्याला एक शिलिंगच दिसतो), आणि लोक मानाने येऊन गप्पा मारून जायचे म्हणे. ३९ व्या वर्षी गेला. शवपेटीला आस आणि चाकं लावली आणि खोलीची भिंत पाडून बाहेर काढली. त्याची ती विजार आणि खुर्ची बघताना मला हसू येईल असं वाटलं होतं, आलं नाही, कारण त्या कपड्यांना व्यवस्थित शिवण होती, कोणीतरी माप घेऊन बसून शिवलेली.

वरच्या बाजूला इथल्या पलटणीचं म्युझियम आहे, रॉयल लेस्टरशायर रेजिमेंट. तिच्या बिल्ल्यावर वाघ. आणि वाघाच्या वर इंग्रजीत एक शब्द, तो मी आधी नीट वाचलाच नाही, अण्णांनी अक्षरं लावत लावत वाचला. हिंदुस्थान. म्हणजे ही पलटण १८०४ ते १८२३ आपल्याकडे होती म्हणून १८२५ साली राजाने हा वाघ आणि हा शब्द बक्षीस दिला. पलटणीला टायगर्स म्हणायचे आणि इथल्या रग्बी टीमचं नावही टायगर्स. माझ्या ऑफिसातला अर्धा स्टाफ त्या टीमचे टीशर्ट घालतो, त्या वाघाला पट्टे आपल्याकडचे आहेत हे त्यांनाही माहीत नसेल आणि मलाही नव्हतं.

अण्णा बोटं मोजत होते. "१८०४ ते १८२३. म्हणजे आपलं १८१८ ह्यातच आलं की." मग काचेतल्या बटणांकडे बघत म्हणाले, "पॉलिश मात्र रोज करत असणार." त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. मला काय बोलावं सुचेना, मी म्हटलं, चहा घेऊया का.

पण हे सगळं मी सांगतोय ते खरं तर पंपासाठी.

स्पेस सेंटर आमच्या लेकीचं लाडकं. आम्ही तिला घेऊन चार वेळा तरी गेलोय, तिकीट काढून, उंच पारदर्शक फुग्यासारख्या टॉवरमध्ये उभी केलेली खरी रॉकेट्स आणि खाली कॅफे. अण्णांनाही तिने ओढत नेलं. ते आत शिरायच्या आधीच पार्किंगमध्ये थांबले आणि शेजारच्या लाल विटांच्या इमारतीकडे आणि धुराड्याकडे बोट करून म्हणाले, "ते पंपहाऊस आहे."

मी म्हटलं, छे, चर्च किंवा जुनी शाळा असेल. इतकी नक्षीदार होती.

"शाळेला एवढं धुराडं कशाला?"

पंपहाऊसच होतं. ॲबी पंपिंग स्टेशन, १८९१. आणि पाण्याचं नाही, मैल्याचं. अख्ख्या लेस्टरचा मैला इथे उताराने यायचा आणि इथून वाफेच्या इंजिनांनी वर टेकाडावर बोमंट लीजच्या शेतावर चढवायचा. आणि त्या स्पेस सेंटरची गंमत म्हणजे ते उभं आहे ह्याच पंपिंग स्टेशनच्या पावसाच्या पाण्याच्या जुन्या टाकीत. म्हणजे आम्ही चार वेळा पैसे देऊन गटाराच्या टाकीत उभं राहून चंद्राकडे बघत होतो. अण्णांना हे कळल्यावर रॉकेटमध्ये काही इंटरेस्ट राहिला नाही.

पुढच्या वेळी इंजिन वाफेवर चालवणार होते त्या दिवशी गेलो. आत पाय टाकला आणि आधी वास आला, गरम तेल, कोळसा, ओलं लोखंड, आणि अण्णा दारातच उभे राहिले. मी म्हटलं काय झालं, म्हणाले काही नाही. माझ्या लहानपणी त्यांचा शर्ट असाच वास मारायचा, म्हणजे आमच्याकडे कोळसा नव्हता, पण तेल तेच.

आत चार इंजिनं आहेत, एकासारखं एक, तीन मजले उंच. लोखंडी खांब देवळातल्यासारखे, वर पानाफुलांची नक्षी, पितळेचे कठडे चकचकीत. एका बाजूला वाफ दट्ट्या ढकलते, वरच्या मजल्यावर अवाढव्य लोखंडी तुळई तराजूच्या दांडीसारखी वर-खाली होते, आणि दुसरीकडे चाक फिरतं. त्या दिवशी एक चालू होतं. मी समजत होतो धाडधाड आवाज असेल, तर नाही, नुसता श्वास. हुस्स… आणि मग चाकाची वाऱ्यासारखी झुळूक. एवढं धूड इतकं हळू आणि इतकं शांत चालतं ह्यावर विश्वास बसत नाही.

तिथे एक इंग्रज आजोबा होते, निळा बॉयलर सूट, हातात तेलाची लांब नळीची बुधली, व्हॉलंटियर. इथे ही इंजिनं जपायचं बरंच काम असे रिटायर झालेले लोक करतात. अण्णांचं इंग्लिश म्हणजे बीजकापुरतं. मी मध्ये दुभाषी म्हणून उभा राहिलो, पण माझी गरज पाच मिनिटांत संपली, कारण मला त्यातले शब्दच येत नव्हते, आणि त्या दोघांना येत होते. ग्लँड पॅकिंग (दांड्याभोवतीचं, गळती अडवणारं, हे मला नंतर कळलं). व्हॉल्व्ह. गव्हर्नर. कंडेन्सर. बेअरिंग. हेड. अण्णा आयुष्यभर हे शब्द मराठी म्हणूनच बोलत आले, आणि इथे ते थेट चालून गेले. अण्णांनी विचारलं, "हेड?" आणि हात वर केला, म्हणजे किती उंच चढवायचं. आजोबांनी आकडा फुटांत सांगितला, अण्णांनी मनात मीटर केले आणि मान डोलावली. मला आकडा आठवत नाही, मला दोघांच्या माना आठवतात.

इंजिनाला दोन सिलिंडर का, हे आजोबांनी समजावलं. वाफ आधी लहान सिलिंडरमध्ये काम करते, तिथून निघते तेव्हाही तिच्यात जोर शिल्लक असतो, म्हणून तीच मोठ्यात सोडायची. मी मराठीत सांगायला तोंड उघडणार तोवर अण्णा म्हणाले, "उसासारखं. एकदा पिळला तरी रस उरतोय, परत घाण्यात घालायचा." हे आता इंग्लिशमध्ये कसं सांगायचं! मी सांगितलं काहीतरी. आजोबा खूश झाले आणि म्हणाले हे मी आता सगळ्यांना सांगणार.

मग अण्णांनी खरा प्रश्न विचारला, हे कुठून आणलं, लंडनहून का? तर नाही. गिमसन कंपनी, लेस्टरचीच, व्हल्कन वर्क्स, म्हणजे गावातच ओतलेलं लोखंड. "म्हणजे आपल्या किर्लोस्करवाडीसारखं!" अण्णांनी आजोबांच्या दंडालाच हात लावला. आणि मग मोडक्यातोडक्यात ते सांगायला लागले की १९१० साली माळरानावर कशी वाडी वसली, तिथे नांगर झाले, पंप झाले, आणि त्यांचा पहिला पंप तिथलाच होता. आजोबांना किती कळलं देव जाणे, पण ते ऐकत होते. चालू इंजिन सोडून ऐकत होते.

पाट्या मी वाचत होतो. एवढा खर्च का केला त्याचं कारण साधं आणि वाईट आहे. मोज्यांचे-बुटांचे कारखाने आले, गाव वाढलं, नदीकाठ सपाट आणि सोअर नदी संथ, तिला सतत पूर, सगळी घाण तिथेच साचायची. दर उन्हाळ्यात हगवणीची साथ यायची आणि तान्ही मुलं जायची, लेस्टर त्यासाठी बदनाम होतं. १८५० च्या दशकात मैल्यात चुना घालून त्याचं खत करून विकायचाही प्रयत्न झाला होता, शेतकऱ्यांनी काही घेतलं नाही. मग हे. आणि बांधलं ते राजवाड्यासारखं. गटाराच्या पंपाला नक्षीचे खांब कशाला, असं मी मोठ्यांदा म्हणालो तर अण्णांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे सरकलो.

पुढच्या खोलीत संडासांचा इतिहास मांडलाय, टोपल्यांपासून निळ्या फुलांच्या चिनी मातीच्या कमोडपर्यंत, आणि एक आरपार दिसणारं मॉडेल, फ्लश केलं की सगळं कुठून कसं जातं ते दिसतं. लेकीने ते अकरा वेळा केलं. तिथे लहान मुलांची रांग लागली होती, रॉकेटपेक्षा लांब.

१९६४ ला हे सगळं बंद झालं, विजेचे पंप आले. अण्णा बाहेर बाकावर बसले आणि विचारलं, "बंद केल्यावर विकलं नाही?"

नाही विकलं.

आमच्याकडचं विकलं होतं. नवीन योजना आली तेव्हा जुन्या जॅकवेलवरचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरचं, ऑइल इंजिन, दोन पंप, व्हॉल्व्ह, सगळं टनावर लिलावात गेलं. लिलावाच्या दिवशी अण्णा रजेवर होते, तेवढी एकच रजा त्यांनी कारण न देता घेतली असं आई सांगायची. मग आठवड्याने भंगारवाल्याकडे गेले आणि दोनशे रुपये देऊन पितळी प्रेशर गेज परत आणलं. ते आमच्या घरी पेपरच्या गठ्ठ्यावर वजन म्हणून असायचं. काटा शून्यावर नाही, थोडा पुढे अडकलेला. लहानपणी मी त्याला टिचक्या मारायचो आणि मार खायचो, तेव्हा वाटायचं पितळी डब्यासाठी एवढं काय.

मी म्हटलं, आपल्याकडे ठेवायला जागा कुठे असते अण्णा, पैसा कुठे असतो. ते म्हणाले, "जागा होती. तिथं आता काहीच नाहीये, नुसती जागाच आहे."

भूक लागली म्हणून बेलग्रेव्ह रोडला गेलो, तिथून जवळच. सोन्याची दुकानं, साड्या, फरसाण, गांधींचा पुतळा. अण्णांनी हिंदी सुरू केलं, दुकानदाराने गुजराती, दोघांचं छान चाललं. हा दुकानदार मूळचा युगांडाचा. १९७२ ला इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला तेव्हा लेस्टरच्या कौन्सिलने तिकडच्या पेपरात, युगांडा आर्गसमध्ये, पैसे भरून जाहिरात दिली होती की इथे घरं नाहीत, शाळांत जागा नाही, तुमच्याच भल्यासाठी सांगतो, लेस्टरला येऊ नका. तर कित्येकांना लेस्टर नावाचं गाव आहे हे त्या जाहिरातीनेच कळलं म्हणे आणि हजारोंनी आले. आज कौन्सिल स्वतःच ही गोष्ट सांगते. दुकानदार गाठीया तोलत तोलत हसून म्हणाला, फुकटची ॲडव्हर्टाइज. मला ते हसणं पूर्ण हसण्यासारखं वाटलं नाही, पण ते त्याचं तो जाणे.

रात्री अण्णांनी मामूंना व्हिडिओ कॉल लावला. मामू म्हणजे पंपहाऊसवरचे त्यांचे नाईट शिफ्टचे जोडीदार, आता गुडघ्यांनी घरी बसलेत. तिकडे मध्यरात्र उलटून गेली असेल, पण मामू जागे. आयुष्यभराची नाईट शिफ्ट. अण्णा टेबलवर माझ्या ऑफिसच्या पाकिटाच्या मागच्या बाजूला इंजिनाचं चित्र काढत काढत सांगत होते, राजा नाही, रोमन भिंत नाही, बिग बेन तर नाहीच.

"मामू, गटाराचा पंप ठेवलाय. चार. पितळ असं पॉलिश केलंय की तोंड बघा."

"बंदच असंल."

"चालूय! मी उभा होतो समोर."

मामू थोडा वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं नेटवर्क गेलं.

"ग्लँड गळत होती का?"

अण्णांनी पेन खाली ठेवलं. "थोडी."

"मग बरोबर," मामू म्हणाले. "थोडी गळायलाच पाहिजे."